पहिल्या रकान्यातला वळू

सकाळी साडेसहाला एमिल झिकमुंड काट्याच्या खोपटात शिरायचा, शेगडी पेटवायचा, पन्नास-पन्नास पौंडांची लोखंडी वजनं ठेवून काटा तपासायचा आणि मग दिवसभर माणसांना मनातल्या मनात शिव्या देत वळू मोजायचा. एकोणतीस वर्षं त्याचा हाच क्रम होता. काट्याबद्दल त्याला आदर होता. वळूंबद्दल त्याची तक्रार बेताचीच होती. वळूंच्या मालकांबद्दल मात्र त्याचं ठाम मत होतं, की यांच्यापैकी कुणालाही खोड्यात अडकवून मोजलं तर पाठीवर चरबी भरपूर निघेल आणि कवटीत काही निघणार नाही.

रावन्सबी हे नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्या संपतात तिथलं गाव. गावाबाहेर वळूंचं चाचणी केंद्र आणि एमिल त्याचा व्यवस्थापक. नोव्हेंबरात चाळीसेक शेतांवरून आठ-नऊ महिन्यांचे वळू येत. सगळ्यांना एकच चारा, एकच पाणी, एकच बोचरा वारा. असे एकशे बारा दिवस. दर अठ्ठावीस दिवसांनी वजन. शेवटी विद्यापीठातली एक मुलगी यंत्र घेऊन येई, वळूच्या पाठीवर तेल ओतून यंत्राचा पंजा टेकवी आणि कातडीच्या आत काय दडलंय ते पडद्यावर दाखवी. बाराव्या आणि तेराव्या बरगडीमध्ये मांसाचा पेरा, म्हणजे आडवा छेद, केवढा आहे, त्यावर चरबीचा थर किती जाड आहे, मांसात चरबीची नक्षी कितपत उतरली आहे. जनावर न कापता कापल्यानंतरची हकिकत. मग मार्चअखेर लिलाव.

इतकी साधी गोष्ट. पण माणसांना साधी गोष्ट साधी ठेवता आली असती, तर एमिलला नोकरी कुणी दिली असती? एकजण वळूला दोन दिवस तहानलेला ठेवून पहिल्या वजनाला आणायचा, म्हणजे सुरुवातीचा आकडा लहान पडावा. दुसरा शेवटच्या वजनाच्या आदल्या दिवशी 'सहज बघायला' यायचा आणि खिशातले मिठाचे खडे गव्हाणीत टाकायचा, म्हणजे वळूनं मन लावून पाणी ढोसावं. तिसरा देवभीरू होता, तो फक्त वय चोरायचा. एमिल सगळ्यांना ओळखून होता. पहिल्याचा वळू तो एक दिवस पाण्यावर सोडून मगच काट्यावर घ्यायचा, दुसऱ्याला फाटकाबाहेर उभा करायचा आणि तिसऱ्याकडे गुरांच्या डॉक्टरची सही मागायचा.

“तुझा माणसांवर विश्वासच नाही का रे?” मालक विचारायचे.

“आहे की,” एमिल म्हणायचा. “काट्यावर उभी असली की आहे.”

हा स्वभाव त्याला बापामुळे जडला होता. बाप वात्स्लाव झिकमुंड हा नजरेचा माणूस. “पाठीवरून एकदा हात फिरवला की मला आतलं सगळं कळतं,” असं तो चर्चच्या पायरीवर सांगायचा. त्या हातानं निवडलेल्या बारा वळूंपैकी अकरा टाकाऊ निघाले आणि बारावा पहिल्याच हिवाळ्यात मेला. पुढे एमिल दोन वर्षं विद्यापीठात शिकायला गेला. तिथल्या थंड खोलीत आकड्याला टांगलेलं, दोन फाकी केलेलं धड त्यानं पहिल्यांदा पाहिलं आणि त्याला वाटलं, चला, थापा न मारणारी एक तरी वस्तू जगात आहे. परत आल्यावर त्यानं बापाच्या उरलेल्या वळूंचं वजन करून दाखवलं. बाप त्याच्याशी सहा आठवडे बोलला नाही. एमिलनं ते आठवडेही मोजले होते.

बायको व्हायोला तेवढी त्याला पुरून उरली. तो जेवताना कुणाच्या गुरांचे वाभाडे काढायला लागला, की ती रेडिओचा आवाज वाढवायची. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि रेडिओ तिसरा चालू होता.

केंद्राची एक जुनी प्रथा होती आणि एमिलच्या मते सगळ्या मूर्खपणाचं मूळ तिथेच होतं. लिलावाच्या यादीत पहिला रकाना रोजच्या वाढीचा. दिवसाला सर्वांत जास्त पौंड चढवणारा वळू रिंगणात सर्वांत आधी येणार, निळ्या दाव्यानं बांधलेला, आणि त्याच्या मालकाचं नाव फाटकावरच्या लाकडी फळीवर रंगवलं जाणार. लोक पहिला रकाना वाचत, पहिल्या वळूकडे बघत, माना डोलावत आणि यादीची सुरळी करून खिशात खुपसत. आला तेव्हाचं वजन, वय, मांसाचा पेरा, चरबी या सगळ्यासाठी एमिलनं नऊ वर्षं भांडून यादीचं मागचं पान मिळवलं होतं. ते पान कॉफीचा पेला ठेवायला उपयोगी पडे.

आता यातली गोम काय ती कुणालाही समजेल. जनावराला काही महिने अर्धपोटी ठेवलं आणि एकदम भरल्या गव्हाणीवर सोडलं, तर ते अधाशासारखं खातं आणि राहिलेली वाढ भरून काढतं. त्या दिवसांत त्याचा रोजचा आकडा डोळे दिपवणारा असतो. प्रत्यक्षात ते कुणाच्या पुढे गेलेलं नसतं, मागे पडलं होतं ते बरोबरीला आलेलं असतं. म्हणजे पहिल्या रकान्यात पहिला येण्याचा सोपा मार्ग म्हणजे वळूला आधी उपाशी मारणं. रॉस्को डालगार्डनं हा मार्ग शोधला आणि फाटकावरच्या फळीवर सात वेळा आपलं नाव रंगवून घेतलं.

रॉस्को उंच, हसरा, पांढऱ्या टोपीचा माणूस होता. केंद्राच्या मंडळावरही होता. प्रथा बदलावी असा विषय निघाला की तो म्हणायचा, “मित्रांनो, आपल्या आजोबांनी घालून दिलेली रीत आहे.” त्याचे स्वतःचे आजोबा बूट विकायचे. पण मंडळातल्या कुणाला हे आठवत नसे, कारण उद्या आपलंही नाव फळीवर येईल अशी प्रत्येकालाच आशा होती.

एमिलच्या तोंडाला मात्र कुलूप होतं. व्यवस्थापकानं लिलावापूर्वी आवारात कुठल्याही वळूबद्दल बरंवाईट बोलायचं नाही, असा नियम होता आणि दर वर्षी त्याखाली त्याची सही होती. तो हा नियम अक्षरशः पाळायचा. आवारात मुका. फाटकाबाहेर पाऊल पडलं की मात्र कॅफेत, पेट्रोल पंपावर, बहिणीकडच्या रविवारच्या जेवणात तो सगळ्यांचे सगळे वळू सोलून काढायचा. याचे खांदे अडकणारे, त्याचे खूर चपटे, अमक्याचा तर वळूच नव्हे, दाढी नसलेली शेळी. बरा वळू असा त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. बऱ्याबद्दल बोलायचं काय, असं त्याचं म्हणणं.

बहीण अर्लीन त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. तिचा नवरा क्लिफ्टन होल्म हा एमिलच्या तुच्छतेचा कायमचा मानकरी. क्लिफ्टन मनानं चांगला होता, पण आकड्यांच्या बाबतीत त्याची मजल पहिल्या रकान्यापलीकडे जात नसे. त्यानं रॉस्कोचे दोन वळू आधीच घेतले होते. आज त्याच्या कळपातल्या निम्म्या गाई त्या दोघांच्या मुली होत्या, आखूड आणि हाडकुळ्या. त्यांचे गोऱ्हे कत्तलखान्यात गेले की परतीच्या कागदावर मांसाचा पेरा दर वेळी आधीपेक्षा लहान दिसे. मागच्या शरद ऋतूत तिथल्या खरेदीदारानं अर्लीनला फोन करून सांगितलं होतं, “बाई, असला माल आणखी आला तर पुढच्या वर्षी दुसरं दार बघा.” आता गोठ्यात चौतीस कालवडी होत्या, जुन्या चांगल्या गाईंच्या पोटच्या. कळपात चांगलं रक्त उरलं होतं ते तेवढंच. त्यांच्यावर तिसराही वळू रॉस्कोचाच सुटला, तर कळप पुन्हा वळणावर आणायला दहा-बारा वर्षं लागली असती. क्लिफ्टन सहासष्ट वर्षांचा होता.

आणि त्या वर्षी रॉस्कोचा वळू पुन्हा पहिला आला. दिवसाला चार पूर्णांक नऊ पौंड. क्लिफ्टननं रविवारी जेवताना जाहीर केलं, “या वेळी पहिला नंबर माझा.”

“तो आला तेव्हा सहाशे दहा पौंडांचा होता,” एमिल म्हणाला. “बाकीचे सातशेवीस-तीस. त्याच्या बरगड्यांवर पोरांनी उजळणी केली असती.”

“झालं सुरू,” क्लिफ्टन बटाटे वाढून घेत म्हणाला.

“आजही तो बाकीच्यांच्या बरोबरीलाच आहे. पुढे नाही. पेरा दहा पूर्णांक आठ चौरस इंच. इतरांचा तेरा. क्लिफ्टन, उपाशी ठेवून फुगवलेला आहे तो.”

“मेव्हण्या, पोस्पिशिलच्या सतरा नंबरला तू काय म्हणाला होतास?”

आठ वर्षांपूर्वी पोस्पिशिलच्या सतरा नंबरच्या वळूला तो 'बकऱ्याचं अंडं' म्हणाला होता. क्लिफ्टननं त्याचं ऐकून हात आखडता घेतला. त्या वळूची वासरं पुढे तीन परगण्यांत नावाजली गेली. मागच्या पानावर सतरा नंबरचे आकडे उत्तम होते. एमिलनंच ते छापले होते. पण त्या दिवशी पोस्पिशिलनं काट्यापाशी त्याच्याशी वाद घातला होता आणि रागाच्या भरात जिभेनं आकड्यांकडे पाठ फिरवली होती. ही एक चूक त्यानं कधी कुणापाशी कबूल केली नाही. करायची गरजही नव्हती, गावाला ती पाठ होती.

“तू नावं ठेवलीस की मला धीर येतो,” क्लिफ्टन म्हणाला. “वीस वर्षांत तू एकाही जनावराला चांगलं म्हटलं नाहीस. मग ऐकायचं कधी आणि सोडायचं कधी, कळणार कसं?”

अर्लीननं कोलाचींची, फळं भरलेल्या गोड पावांची, परात पुढे सरकवली, आणि एमिलनं जर्दाळूची उचलली.

लिलावाच्या दिवशी वारा सुटला होता आणि आवारात घोट्यापर्यंत चिखल. चर्चच्या बायकांनी गरम गोमांसाची सँडविचं आणि कॉफी मांडली होती. दीडेकशे टोप्या बाकांवर बसल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात यादी, प्रत्येकाची पहिल्या पानावर उघडलेली. एमिलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, यांच्याहून कुंपणातले वळू बरे, ते निदान वाचता येत असल्याचा आव आणत नाहीत.

त्यानं अर्लीनला सँडविचच्या टेबलाशी गाठलं.

“त्याला अडव.”

“मी? तू व्यवस्थापक आहेस. मी कांदे कापते.”

“मला बोलायची बंदी आहे.”

“गावाचं पुण्य,” अर्लीन म्हणाली. मग सुरी खाली ठेवून तिनं विचारलं, “एमिल, खरं सांग. तुझा रॉस्कोवर राग आहे म्हणून बोलतोस, की वळू खरंच वाईट आहे?”

“दोन्ही.”

“त्यातलं वेगळं करून सांगता येतं का तुला?”

तेवढ्यात लिलाववाल्यानं ध्वनिक्षेपक ठोकून पाहिला आणि एमिलला हाक मारली. सुरुवातीला नियम वाचून दाखवायचं काम व्यवस्थापकाचं होतं. तो पायऱ्या चढून वर गेला. खाली फाटक उघडलं आणि निळ्या दाव्याचा वळू रिंगणात आला. तुकतुकीत, काळा, मान ताठ. टोप्या पुढे झुकल्या. पहिल्या रांगेत रॉस्को मांडीवर मांडी टाकून बसला होता आणि दुसऱ्या रांगेत क्लिफ्टन, हातात नंबराचा पुठ्ठा, चेहरा नवरदेवासारखा.

एमिलनं नियम वाचले. घेतलेला माल परत होणार नाही, पडलेली बोली फिरणार नाही, नेताना वजनाच्या कागदावर सही करायची. एरवी तो इथे थांबायचा. त्या दिवशी त्यानं यादी उलटी केली.

“एक नंबर. आला त्या दिवशीचं वजन सहाशे दहा. त्याच वयाच्या बाकीच्यांची सरासरी सातशे पंचवीस. आजचं वजन अकराशे एकोणसाठ, बाकीच्यांची सरासरी अकराशे बासष्ट. मांसाचा पेरा दहा पूर्णांक आठ. हे मागच्या पानावर छापलेलं आहे. ज्यांनी त्यावर कॉफी ठेवली असेल त्यांनी पेला उचलावा.”

मंडपात कागदांची सळसळ ऐकू आली. छापायला लागल्यापासून पहिल्यांदाच ती पानं उलटत होती.

रॉस्को उभा राहिला. हसू जागच्या जागी होतं, कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. “मित्रांनो, उन्हाळ्यात आमच्याकडे गवत नव्हतं. दुष्काळात जनावर बारीक राहणारच. आणि एमिल, सोमवारी मंडळाची बैठक लागेल, समजलास?”

“सोमवारी मी काटा साफ करतो,” एमिल म्हणाला. “मंगळवारी ठेवा.”

कुणीतरी फिसकन हसलं. लिलाववाल्यानं घाईघाईनं बोलीचं गाणं सुरू केलं. त्याची जीभ चाकासारखी फिरायला लागली, पण हात वर जाईनात. मागच्या वर्षी पहिल्या वळूवर बारा पुठ्ठे नाचले होते. या वर्षी टोप्या मागचं पान वाचत होत्या, आणि ज्यांना त्यातलं कळत नव्हतं ते शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. भाव घसरत घसरत खाटकाच्या दरापर्यंत आला. तिथे एक पुठ्ठा वर झाला. दुसरा झालाच नाही.

“विकला! क्लिफ्टन होल्म!”

एमिल पायऱ्यांवर होता तिथेच बसला. इतकी वर्षं पाळलेला नियम त्यानं मोडला, नोकरी पणाला लावली, आणि निष्पन्न काय, तर ज्या एका माणसानं वळू घेऊ नये म्हणून हे सगळं केलं त्यालाच तो मातीमोलानं मिळाला. बाकी दीडशे जणांना अक्कल आली होती. ती नेमकी पुरली नव्हती फक्त घरच्या माणसाला.

वीसेक वळू विकून होईतो क्लिफ्टन कागदपत्रं उरकून चिखल तुडवत आला आणि त्यानं एमिलच्या पाठीवर थाप मारली. “मेव्हण्या, तुझे उपकार कसे फेडू? तू भाव पाडला नसतास तर मला झेपला नसता!”

“तुझ्याशी बोलण्यापेक्षा,” एमिल म्हणाला, “मी त्या वळूशी बोलतो.”

अर्लीन हात पुसत आली. तिच्या हातात यादी होती, मागच्या पानाशी दुमडलेली. तिनं दोघांकडे पाहिलं नाही, कागदाकडेच पाहत होती.

“क्लिफ्टन, एकतीस नंबरचा वळू कुणाचा?”

“रॉस्कोचाच. का गं?”

“तो आला तेव्हा सातशे पस्तीस पौंडांचा होता. एकच शेत, एकच उन्हाळा. गवत नव्हतं, तर त्यानं काय खाल्लं?”

तिनं कागद क्लिफ्टनच्या हातात देऊन दोन ओळींवर बोट ठेवलं. तो बराच वेळ वाचत होता. एमिलला त्याच्या मानेमागे घाम दिसला. अशा वेळी शिवी तयार असायची, ती एमिलच्या जिभेवर आलीही. पण अर्लीननं नुसती मान हलवली आणि त्यानं ती गिळली.

“पण घेतलेला परत होत नाही,” क्लिफ्टन शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता.

“न होऊ दे. खाटकाच्या दरानं मिळालाय. गुरुवारी गाडी कत्तलखान्याकडे जाते, त्यात हाही जाईल. आपलं काही बुडत नाही. महाग मिळाला असता तर तुझा जीव त्याच्यात अडकला असता आणि मग तो माझ्या कालवडींवर सुटलाच असता.” मग ती भावाकडे वळली. “आता मला वळू हवा. कुठला?”

एमिलनं रिंगणाकडे पाहिलं. बावीस नंबर आत येत होता. पहिल्या रकान्यातही बाविसावा, त्यामुळे लोक कॉफीला उठले होते. कांबळ्यासारख्या केसांचा, लांब पाठीचा, निवांत चालीचा. पेरा तेरा पूर्णांक सहा. आला तेव्हाही भरलेला, आजही भरलेला, एकशे बारा दिवस सारख्या पावलानं वाढलेला. मालक एक विधवा बाई होती, एमिलला ती आवडत नसे, काट्यापाशी फार बडबड करायची. त्याच्या तोंडात वळूच्या डाव्या खुराबद्दलचं वाक्य जुळून आलं होतं.

“बावीस,” तो म्हणाला. “चांगला आहे.”

क्लिफ्टननं दचकून त्याच्याकडे पाहिलं. “चांगला? तू चांगला म्हणतोयस? अर्लीन, थांब, याच्यात काहीतरी मोठी खोट असणार!”

“क्लिफ्टन,” अर्लीन म्हणाली, “तो पुठ्ठा इकडे दे.” आणि तिनं तो त्याच्या हातातून काढून घेऊन डोक्याच्या वर धरला.